बटव्याने उपास सोडला

१

ओल्या कचऱ्याच्या बादलीत अंड्याचं टरफल सापडणं ही काही बोभाटा करण्यासारखी गोष्ट नव्हे. पण तनयाच्या घरात अंडं येत नसे. भाऊ वरद होता तेव्हा यायचं, तेही बाल्कनीतल्या बिस्किटांच्या डब्यात राहायचं, आणि त्या डब्याला हात लागला की आई साबणाने हात धुवायला लावायची. वरद जानेवारीत गेला. आता मार्च संपत आला होता आणि डबा रिकामा होता.

मालनबाईंची कचरागाडी खाली आली म्हणून तनया बादली घेऊन निघाली, तेव्हा दुधीच्या सालींखाली ते दिसलं. तिने उचलून पाहिलं. फोडलेल्या अंड्याच्या दोन वाट्या होतात, तसं ते नव्हतं. चुरगळून बोळा केलेल्या कागदासारखं लांबट, चपटं, आतल्या पापुद्र्याने एकत्र धरलेलं आणि आतून लख्ख कोरडं. असं अंडं माणूस खात नाही, मांजरही खात नाही. असं खाणारा एकच जीव तिच्या ओळखीचा होता, आणि वरद गेला त्याच संध्याकाळी तो घरातून नाहीसा झाला होता.

त्याचं नाव बटवा. आफ्रिकेकडचा अंडीखाऊ साप, जाडीला करंगळीएवढा, लांबीला हातभर. रागावला की खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढायचा, त्यामुळे पाहणाऱ्याला फुरसंच वाटायचं. प्रत्यक्षात तोंडात चावण्याजोगा दात नाही. अंडं अख्खं गिळायचं, मानेतल्या हाडांवर दाबून फोडायचं, रस पोटात घ्यायचा आणि टरफल थुंकून टाकायचं, एवढाच त्याचा पराक्रम. वरदने त्याची रीतसर सरकारी नोंदणी केली होती. तरी एकदा तो डक्टमधून पहिल्या मजल्यावरच्या द्वारकाकाकूंकडे उतरला आणि सोसायटीने सभा भरवून ठरवून टाकलं, की पुन्हा बाहेर दिसला तर साप जाईल. कसा जाईल, हे सभेत कुणी विचारलं नाही. कोपऱ्यात काठी ठेवलेली सगळ्यांनी पाहिली होती.

तनयाने टरफल रुमालात गुंडाळलं आणि जिना उतरली. पहिल्या मजल्यावर काकूंची पाटी होती: ‘डक्टमध्ये वरून पडलेली लोकरीची वस्तू आमच्याकडे सुखरूप आहे. ज्याची असेल त्याने वर्णन सांगून न्यावी. पुन्हा काही पाडू नये.’ ही पाटी तनया रोज वाचायची, म्हणजे नुसते डोळे त्यावरून जायचे. हल्ली तिचं सगळंच तसं चाललं होतं. शिकवणीत मुलांना गणितं सांगायची आणि उत्तर बरोबर आलं की चूक, ते मुलांकडून कळायचं. चहात साखर नसली तरी कप संपायचा. भाऊ गेला म्हणून ती रडलीही नव्हती. नातेवाईक म्हणाले, मुलगी धीराची आहे. धीरबीर काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

बटवा जिवंत होता. घरातलं कुणीतरी त्याला खाऊ घालत होतं, आणि ते कुणी बोलत नव्हतं.

२

कुसुमआत्या, बाबांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. विमा कंपनीत असताना मृत्यूचे दावे तपासायचं काम तिच्याकडे होतं. लोकांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि कोण कुठे थाप मारतंय ते ओळखून परत यायचं.

तिने टरफल बशीत ठेवून भिंगाखाली धरलं.

“ठिपके आहेत.”

“हो. वरद पांढरी द्यायचा. छोटी. त्याच्या मित्राकडे, धायरीच्या विश्वजीतकडे, पिंजऱ्यात पक्षी आहेत, त्यांची.”

“म्हणजे देणारा विश्वजीतकडून आणत नाही.” आत्याने भिंग ठेवलं. “हे बघ, तुला नेमकं काय हवंय? साप हवाय?”

“नको.”

“मग?”

तनयाने बशी जवळ ओढली. हे वाक्य तिने आजवर स्वतःशीसुद्धा पुरं केलं नव्हतं. “झाकण मी उघडं टाकलं होतं का, ते मला कळायला हवंय.”

मग तिने सांगितलं. त्या दिवशी सकाळी तिनेच बटव्याची पेटी साफ केली, तळाला ताजा कागद घातला, तीन पांढरी अंडी ठेवली आणि शिकवणीला पळाली. पेटीच्या झाकणाला दोन चिमटे, एक पुढे आणि एक मागे, भिंतीकडच्या बाजूला. रात्री परत आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. वरदचा बाथरूममध्ये जीव गेला होता. गॅस गिझर, विषारी वायू. ती वरदच्या खोलीत शिरली तर पेटीचा पुढचा चिमटा लागलेला, मागचा सुटलेला आणि पेटी रिकामी.

“वरद ऑफिसातून आला, त्याला बटवा दिसला नाही, म्हणून तो बाथरूममध्ये शोधत बसला असेल. दार लावून, गिझर चालू ठेवून. नाहीतर एवढा वेळ तो आत कशाला थांबेल? साप सुटला नसता तर दादा गेला नसता, आत्या. आणि साप माझ्यामुळे सुटला.”

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, छे गं, वेडी आहेस का. आत्या म्हणाली, “मला माहीत नाही. शोधू. तू उघडं टाकलं असशील तर तसंच सांगीन. चालेल?”

“चालेल,” तनया म्हणाली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याशी सरळ बोललं होतं.

“आता माझं ऐक. गिझरने गेलेल्यांचे दावे मी पुष्कळ बघितलेत. दर वेळी एकच गोष्ट, खिडकी बंद. तुमच्याकडे काय? काचेच्या पट्ट्यांची खिडकी, आणि हवा खेळावी म्हणून त्यातल्या दोन पट्ट्या वरदनेच काढून टाकलेल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, गिझर ठणठणीत आहे. पोलिसांनी लिहून घेतलं, खिडकी उघडी. गिझर चांगला, खिडकी उघडी आणि माणूस मेला. तेव्हा मी सुतकात होते म्हणून बोलले नाही. पण यात कुठेतरी पाणी मुरतंय.”

३

विश्वजीतच्या गच्चीवर पिंजऱ्यांची रांग होती आणि चिमण्यांपेक्षा लहान पक्ष्यांचा कलकलाट. त्याची आजी आनंदीबाई चहा ठेवून खाली गेली. टरफल पाहून विश्वजीतचा चेहरा उजळला.

“जितं हाय म्हणजे! ताई, तुम्ही तर म्हणालात हरवला.”

“हरवलाच होता. आज सकाळी हे कचऱ्यात सापडलं.”

“बरोबर हाय. थंडीत एकदा पोट भरलं की ह्यो खातच नाही. दोन-दोन महिने तोंडाला कुलूप. ऊन तापलं की मग उपास सोडतो.” त्याने टरफल उजेडात धरलं. “पण मोकळा असता तर थंडीतच संपला असता. ऊब लागते ना त्याला. फ्रीजच्या मागं, इन्व्हर्टरपाशी, अशा जागी. कुणीतरी नीट सांभाळलाय, शंभर टक्के.”

“अंडं कुणाचं?” आत्याने विचारलं.

“लाव्हीचं, म्हणजे बटेरचं. आमच्यात लाव्ही नाही. कसब्यात अंडीवाल्याकडं सुटी मिळतात.” तो हसला. “देणारा माणूस नवीन दिसतोय. नवीन माणसाला वाटतं, मोठं अंडं दिलं की पोट भरतंय. आपण कधी देत नाही एवढं मोठं, त्याला ताण पडतो. जीव लावलेला हाय, पण शिकवलेलं नाही कुणी.”

आत्याने कपातला चहा गोल फिरवला. “पेटीच्या मागच्या चिमट्याचं काय प्रकरण आहे?”

“ती पेटी मीच बनवून दिलीय. पुढचा चिमटा काढून झाकण ओढलं ना, की मागचा आपोआप सुटतो. पण लावताना हात मागं घालून लावावा लागतो. दिसत नाही तो, माहीत असायला लागतं. वरदला माहीत होतं, ताईंना हाय. बाकी कुणाला दाखवलाच नाही.” तो घुटमळला. “वरद गेल्यावर मी बटवा मागितला, तर तुम्हाला वाटलं असेल, मेल्या माणसाच्या वस्तूवर टपलाय. तसं नव्हतं, ताई. त्याची आठवण पायजे होती कायतरी.”

तनयाला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटायला हवं, एवढंच तिला कळलं. परतताना सिंहगड रस्त्यावर ती स्कूटर चालवत होती आणि मागे बसलेली आत्या एक शब्द बोलली नाही. आत्या गप्प असली की तिला काहीतरी सापडलेलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

४

दुपारच्या चहाला आत्या घरी आली. बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. यज्ञेश्वर मास्तर म्हणून पेठेत अजून मुलं पाया पडायची; भूगोल शिकवताना आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. हल्ली तो समोरच्या खुर्चीपर्यंतही कसाबसा पोचायचा.

“यज्ञा, त्या दिवशी तू कुठे होतास रे?”

“कुठल्या?”

“कुठल्या म्हणून काय विचारतोस?”

बाबांनी पेपराची घडी घातली. “बाहेर गेलो होतो. आलो तर बाथरूमचं दार बंद. हाका मारल्या. मग दार तोडलं.”

“घरात कोण होतं?”

“कोणी नव्हतं. ही भजनाला, तनया शिकवणीला.”

“आणि खिडकी?”

“उघडी होती. पोलिसांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं.” त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “थंडीभर उघड्या गळ्याने हिंडल्यावर दुसरं काय होणार? मफलर हरवला म्हणे. विचारलं, नवा विणू का, तर नको.”

“नकोच,” बाबा म्हणाले आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले.

तनयाची आई मंदाकिनीबाई चहाचे कप उचलायला आल्या. आत्याने त्यांना थांबवलं. “मंदा, तुला त्या सापाबद्दल काय वाटायचं?”

“मला त्या जनावराचं नाव नको, वन्सं. माझ्या घरात एवढं एकच वाकडं होतं.” त्यांनी कप उचलले. “यांनासुद्धा किती सांगायचे, वरदला ओरडा, तर हे नुसते म्हणायचे, उपद्रव आहे, उपद्रव आहे. ओरडले कधीच नाहीत.” त्या आत गेल्या आणि नळ सोडला. भांडी घासून झाली तरी नळ चालूच होता.

वरदची पेटी कपाटावर तशीच होती. आईने तिच्यावर चादर टाकली होती आणि त्या रात्रीनंतर तनयाने ती उचलली नव्हती. आता आत्याने चादर काढून पेटी खाली घेतली.

“तळाचा कागद तूच घातलास?”

“हो. सकाळी आलेलाच पेपर, बाबांचा वाचून झाल्यावर.”

“तारीख त्याच दिवसाची आहे. तू अंडी ठेवलीस तीन. मोज.”

तनयाने मोजली. कोपऱ्यात तीन पांढरी अंडी होती, वाळून हलकी झालेली, पण अख्खी. बटव्याने त्यांना तोंडही लावलं नव्हतं. आत्याने पेन्सिलीने लाकडाची साल बाजूला केली. सालीखाली चुरगळलेलं एक टरफल होतं, मोठं आणि ठिपक्याठिपक्यांचं.

“बोल,” आत्या म्हणाली. “शिकवणीत गणित सांगतेस ना? हे सोडव.”

तनयाने टरफलाकडे बोट केलं. “कागद मी सकाळी घातला. हे टरफल कागदावर आहे, म्हणजे ठिपक्यांचं अंडं माझ्यानंतर कुणीतरी ठेवलं. बटव्याने ते पेटीतच खाल्लं, टरफल पेटीतच टाकलं. म्हणजे तोवर तो आतच होता.”

“मग?”

“अंडं ठेवायला झाकण काढावं लागतं. माझ्यानंतर झाकण दुसऱ्याने काढलं. पुढचा चिमटा लावला, मागचा त्याला माहीत नव्हता.” तिने झाकणामागे हात घातला. “मी दोन्ही लावले होते की नाही, याने आता काही फरक पडत नाही.”

“नाही पडत. तुझ्या हातून काही झालेलं नाही.”

इतके दिवस ज्याच्यासाठी ती झोपेतून दचकून उठत होती ते हे. आता सुटल्यासारखं वाटेल म्हणून तिने वाट पाहिली. काही वाटलं नाही. ती वरदच्या पलंगावर बसली. मग दुसरा विचार आला. घरात आणखी कुणीतरी होतं, जे त्या दिवसापासून गप्प होतं.

५

खाली जाताना आत्या द्वारकाकाकूंच्या पाटीसमोर थबकली. तिने ती पुरी वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“ही पाटी कधीची?”

“वरद गेला त्या सुमाराची असेल.”

आत्याने घंटी वाजवली. द्वारकाकाकूंनी साखळी लावूनच दार उघडलं. “वर्णन सांगा.”

“वर्णन नाही सांगत. कधी पडली ते विचारतेय.”

“वरद गेला ना, त्याच संध्याकाळी. मी डक्टच्या बाजूला कपडे काढत होते. वरून धप्पकन पडली. मी वर बघून ओरडणार, तेवढ्यात तुमच्याकडूनच आरडाओरडा सुरू झाला. मग मी ओरडले नाही. तेवढं कळतं मला.” साखळी निघाली. “स्वच्छ धुऊन, डांबरगोळी घालून ठेवलीय. पण वर्णनाशिवाय द्यायची नाही. वर्णनाशिवाय दिलं, की परत पाडतात लोक.”

त्यांनी आणून दाखवला. तपकिरी मफलर, दोन्ही टोकांना हिरवी रेघ. तनयाने तो लगेच ओळखला. दर थंडीत बाबांच्या गळ्यात असायचा; वरद त्याला बाबांचं शेपूट म्हणायचा.

“वर्णन सांगून न्यायला कुणी आलं नाही?” आत्याने विचारलं.

“एकदा आलं ना. सगळं बरोब्बर सांगितलं, तपकिरी, हिरवी रेघ, मधे एका जागी टाका सुटलाय. मी म्हटलं, न्या. तर म्हणे, राहू दे तुमच्याकडेच.” काकूंनी तनयाकडे पाहिलं. “तुला नाही बोलली? तुझी आईच आली होती.”

६

जिन्यात आत्या कठड्याला टेकली. मफलर तनयाच्या हातात होता. वर्णन पुरेसं झालं असं काकूंनी स्वतःच ठरवलं होतं.

“आई?” तनया म्हणाली. “आईने केलं सगळं?”

“मंदा त्या दिवशी सबंध भजनी मंडळासमोर टाळ वाजवत होती. तिच्याबद्दल नंतर. आधी सांग, हा मफलर डक्टमध्ये कुठून पडला?”

“बाथरूमच्या खिडकीतून. दोन पट्ट्या नाहीत तिथून.”

“लोकरीची वस्तू त्या फटीत जाते कशाला?”

तनयाने मफलर घट्ट धरला. उत्तर तिला दिसत होतं आणि ते बोलायचं नव्हतं. “फट बुजवायला. साप सुटलाय, तो डक्टमधून काकूंकडे जाईल आणि खाली गेला की लोक मारतील, म्हणून.” मग ती भराभर बोलत सुटली, थांबली तर बोलता येणार नाही म्हणून. “मागचा चिमटा बाबांना माहीत नव्हता. दुपारी घरात एकटे तेच असतात. उपद्रव, उपद्रव म्हणायचे आणि आमच्या पाठीमागे त्याच्याशी खेळायचे. कसब्यातून मोठं अंडं आणून द्यायचे. तो सुटलेला दिसला तेव्हा हाताला लागेल त्याने ती फट बुजवली आणि बाहेर गेले. दादा मध्येच आला. चष्मा काढून अंघोळीला गेला. वर, अंधारात, तपकिरी मफलर... त्याला दिसलाच नसेल.”

“आणि दार तोडल्यावर हवा यावी म्हणून यज्ञाने आधी मफलर ओढला. तो सुटून खाली गेला. पोलिसांनी विचारलं, खिडकी उघडी होती ना? तोवर उघडीच होती. तो हो म्हणाला. एवढ्या एका ‘हो’वर तुमचं घर उभं आहे.” आत्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. भाचा तिचाही होता. “तू जे विचारलंस त्याचं उत्तर मिळालं. याच्या पुढचं मी नाही करणार. मफलर माझ्याकडे दे म्हणालीस तर मी घेऊन जाईन, आणि कुणाला काही कळणार नाही.”

तनया जिना चढू लागली.

दार लोटलेलं होतं. बाबा परत आले होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरचं लाकडी कपाट होतं, त्याचा खालचा कप्पा उघडा होता आणि बाबा जमिनीवर बसले होते. शेजारी कापडी पिशवी. कप्प्यात वहाणांचं जुनं खोकं, त्यात वरदचा मऊ झालेला टी-शर्ट आणि टी-शर्टवर बटवा. त्याच्या तोंडात ठिपक्यांचं अंडं होतं, डोक्याच्या तिप्पट मोठं. जबडा ताणून ताणून तो ते आत ढकलत होता आणि बाबा श्वास रोखून बघत होते.

तनयाने मफलर त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी वर पाहिलं नाही. “मला वाटलंच होतं, कुसुम शोधून काढेल.” मग ते म्हणाले, “मोठं अंडं आणायलाच गेलो होतो गं, पेटीतल्या पांढऱ्यांना तो तोंड लावेना. पुस्तकात वाचलं होतं, वासाने येतो. अंडं ठेवून पकडायचा, पेटीत टाकायचा, कुणाला कळणारही नाही. कसब्यात दुकान बंद होतं म्हणून दुसरं शोधत बसलो. तेवढाच उशीर.”

“बाबा, मला वाटत होतं, झाकण मी उघडं टाकलं.”

आता त्यांनी वर पाहिलं. “तू?”

“तेव्हापासून. मला वाटत होतं, दादा माझ्यामुळे गेला.”

यज्ञेश्वर मास्तरांचा चेहरा तिने कधी असा पाहिला नव्हता. मुलगा गेला त्या दिवशीही नाही. “मला काय माहीत,” ते म्हणाले. “मला काय माहीत तुला असं वाटतंय. मी सांगितलं असतं. तुझ्यासाठी तरी सांगितलं असतं. रोज सांगणार होतो. रात्री हा मला इथेच सापडला, उबेला बसलेला. म्हटलं, याला मारून टाकावं. मारवेना. मग म्हटलं, वरदचा आहे, वरद असता तर...”

बटव्याच्या मानेत अंडं फुटल्याचा बारीक आवाज झाला. दोघांनीही तिकडे पाहिलं.

“बाबा, एवढं मोठं अंडं देत नाहीत त्याला,” तनया म्हणाली. “ताण पडतो.” आणि हे म्हणताना तिला रडू फुटलं. जानेवारीपासून साठलेलं, ओंगळ, नाक वाहणारं रडू, ते थांबेना. बाबांनी हात पुढे केला. तो तिच्या डोक्यावर ठेवावा की नाही हे न कळून हात तसाच मध्ये राहिला, म्हणून तिनेच डोकं पुढे नेलं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती आली, खाली बसली, बटव्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, आणि तिने मफलर उचलून सुटलेला टाका शोधला.

“तुला माहीत होतं,” बाबा म्हणाले.

“मी विणलाय. ‘डक्टमध्ये पडलेली लोकरीची वस्तू’ वाचून मला कळणार नाही? तो कधी पडला ते काकूंना विचारलं आणि वर येऊन पोळ्या लाटल्या.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “घरी आणला असता तर तुम्हाला विचारावं लागलं असतं. विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. म्हटलं, राहू दे खाली. एक गेलाय, दुसरा कशाला घालवू?”

मग ती तनयाकडे वळली. “पण तुझं मला माहीत नव्हतं. या घरात तीन माणसं, तिघंही मूग गिळून. तू तरी का गप्प बसलीस गं?”

तनयाने नाक पुसलं. आत्या दारापर्यंत येऊन थांबली होती. ती वळली आणि जिना उतरून गेली.

बटव्याने मान ताणली, दोनदा अंग आवळलं आणि टरफल थुंकलं. ते टी-शर्टवर पडलं, चुरगळलेलं, कोरडं. कुणी उचलेना. मग आई उठली, दोन बोटांच्या चिमटीत ते उचललं आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं. साबणाने हात धुवायला ती या वेळी विसरली.

“वरदच्या खोलीत ठेवा त्याला,” ती म्हणाली. “त्याच्या पेटीत. आणि मागचा चिमटा कुठे असतो, ते मला दाखवा आधी.”